दवाखान्यात नेलेली ट्यूब

गेल्या सप्टेंबरमध्ये, एका सोमवारी सकाळी, जपानमधल्या आमच्या घराजवळच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मी दंडावरचं गजकर्ण दाखवायला गेलो. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. तिला लागण होईल या भीतीने मी तीन आठवडे तिला उचलून घेतलं नव्हतं.

नाशिकहून निघताना आईने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली ट्यूब बॅगेत टाकली होती. आमच्याकडे खाज सुटली की डॉक्टरआधी मेडिकलवाल्याला विचारतात. ट्यूब लावली की चट्टा फिका पडे, थांबवली की आणखी पसरे.

आधी काय लावलं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मी ओशाळून ट्यूब पुढे केली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्यावरची औषधांची नावं कागदावर उतरवली, त्वचा थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि पडद्यावर मला बुरशीचे धागे दाखवले. ट्यूबमधल्या स्टेरॉइडने ही बुरशी वाढत होती. सोप्या जपानीत त्यांनी हे दोनदा सांगितलं. त्या सावकाशीबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"मुलीला कधी घेऊ?"

"चट्टा झाकून, हात धुऊन, आजच."

दुपारी नाशिकला फोन केला.

"म्हणजे इतकी वर्षं आपण सगळे बुरशीच पोसत होतो म्हण की," आई म्हणाली. "आणि पोरगी?"

"मांडीवर आहे."

नव्या मलमानंतर चार आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी त्वचा पुन्हा तपासली. बुरशी आढळली नाही.