तांब्याच्या विहिरीचा बोर्ड

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या पुढे, दोन टॉवरांच्या कंपाउंडांमध्ये अडकलेली एक विहीर आहे. आम्ही तिला तांब्याची विहीर म्हणतो. निवडणुकीचा फॉर्म भरायच्या आधी उमेदवार इथे येतो, गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या हातून तांब्याभर पाणी पितो आणि मगच रिक्षाला भोंगा लावतो. पक्ष कुठलाही असो. पाच वर्षं एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे इथे गुमान रांगेत उभे राहतात. विहिरीवर आता जाळी आहे आणि पाणी हिरवंगार झालंय, म्हणून तांब्यात बाटलीचं पाणी ओततात.

शेजारी ग्रॅनाइटचा बोर्ड आहे. मोहिमेवर निघालेल्या एका सरदाराने इथे घोडा थांबवला, पाणी प्यायला, लढाई जिंकून परत आला आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, असं त्यावर कोरलंय. मजकूर माझा आहे. सरदारही माझाच. असा कोणी सरदार कधी झाला नाही.

मी अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्त झालो त्याच वर्षी विहिरीचं सुशोभीकरण निघालं आणि मंडळी घरी आली. ‘सर, चार ओळी इतिहास द्या ना. जरा दणदणीत होऊन जाऊ दे.’ मी एका बैठकीत लिहून दिलं आणि वर शाल-नारळ घेतला. सनावळी चुकली म्हणून पोरांचे मार्क कापणारा मीच तो. आज त्या शालीकडे बघवत नाही.

खरी गोष्ट मला घरातच कळली होती. गावात पहिली पंचायत निवडायची होती तेव्हा माझे आजोबा सरपंचपदाला उभे होते. आमची भाताची शेती होती, गावात वजन होतं. समोर खालच्या आळीतला एक साधा माणूस होता. मतदान देवळापुढे, हात वर करून. दोघंही मतं मागायला गावाबाहेरच्या वस्तीत गेले. त्या काळी त्या वस्तीच्या विहिरीचं पाणी आमच्यातलं कोणी पीत नसे, सावलीलाही लोक जपत. विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. तिने कळशीतून तांब्या भरला आणि दोघांपुढे धरला. मत पाहिजे तर आधी आमचं पाणी प्या, एवढंच म्हणाली. आजोबा म्हणाले, तहान नाही. समोरच्या माणसाने तांब्या घेतला आणि तिथेच रिकामा केला. वस्तीचे सगळे हात त्याच्या बाजूने वर गेले.

पुढच्या निवडणुकीत सगळे उमेदवार न बोलावता विहिरीवर हजर. त्याच्या पुढच्या वेळेला तो शकुन झाला. बाई कोण, पाणी का पाजलं, हे कोणी विचारेनासं झालं. एका बाईने घेतलेली परीक्षा होती ती. आम्ही तिचा नारळ फोडायचा मुहूर्त करून टाकला.

आजोबांनी मला हे अंथरुणाला खिळल्यावर सांगितलं. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, ‘मना तहान लागलेली रं. जाम लागलेली.’

हे बोर्डावर कसं लिहायचं? आजोबांची लाज झाकायला मी घोड्यावरचा सरदार आणून उभा केला.

बोर्ड लागून महिना झाला असेल. एक म्हातारी दुपारची दारात आली. त्या पाणी शेंदणाऱ्या बाईची मुलगी. वस्ती टॉवरांखाली गेल्यापासून लेकीकडे अंबरनाथला राहायची, तिथून रिक्षा बदलत आली होती. मी पाणी विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली.

‘गुरुजी, तो बोर्ड तुमी लिवला ना? पानी माज्या आयनं पाजलं. मी तिच्या पदराला धरून हुती. तेवडी एक लाइन टाका. नाव नका टाकू, नुसतं बाई म्हना.’

मी काय म्हणावं? ‘मावशी, इतिहासाला पुरावा लागतो. कागद लागतो.’

तिने विचारलं, ‘सरदाराचा कागद हाय तुमच्याकडं?’

पुन्हा बोर्ड होईल तेव्हा बघू म्हणालो. पुरावा तिच्यासमोर खुर्चीत बसला होता आणि कागद मागत होता. ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि गेली. परत आली नाही. काही वर्षांनी ती वारल्याचं कानावर आलं. मी सांत्वनालाही गेलो नाही, कुठल्या तोंडाने जाणार?

यंदाच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत पाणी द्यायला मला बोलावलं. इतिहासाचे सर, म्हणून मान माझा. उमेदवार तिशीतली मुलगी होती, वकील, चटपटीत. लग्न होऊन बदलापूरला आलेली. तिने बोर्ड मोठ्याने वाचला, सरदाराला हात जोडले आणि माझ्या पाया पडली.

‘सर, माझी आजी याच वस्तीतली, माहितीये? लहानपणी मी तिला खूप विचारायचे या विहिरीचं. आधी काहीतरी सांगायची तिच्या आईचं. नंतर बोलणंच सोडलं तिने. म्हणायची, गुरुजींनी लिवलंय बोर्डावर, तेच वाच.’

भरलेला तांब्या माझ्या हातात होता. सांगायची हीच वेळ होती. समोर त्या दारात आलेल्या म्हातारीचीच नात होती, पन्नास माणसं होती आणि भोंगाही होता. मी तोंड उघडलं, पण कोणीतरी ओरडलं, ‘सर, मुहूर्त टळतोय!’ मी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. बाटलीचं, थंडगार. ती प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि हसून म्हणाली, ‘तुमच्या घरचे तर पहिल्यापासून गावातले. तुमच्या आजोबांनीपण प्यायलं असेल ना हे पाणी?’

मी ‘हो’ म्हणालो.

फोटोवाल्याने मला जरा उजवीकडे सरकायला सांगितलं, बोर्ड झाकला जात होता. मी सरकलो.