साडूचा पाहुणा

लोकांना मऊ बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली, आणि स्वतः मात्र तो दुकानात लाकडी खोक्यावर बसायचा. सोफे आणि खुर्च्या मढवायचं त्याचं काम. जुनं कापड उसवायचं, बसलेला फोम काढून टाकायचा, नवं कापड ताणून खालून पिना ठोकायच्या. सोफेवाला म्हणूनच सगळे त्याला ओळखत. हात असा, की त्याने मढवलेल्या खुर्चीवर सुरकुती शोधून सापडायची नाही.

त्याचा साडू लिफ्टवाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एके काळी हा लिफ्टवाला कुणाच्या तरी हाताखाली फिटर होता आणि स्वतःची हत्यारं ठेवायला जागा नव्हती म्हणून ती सोफेवाल्याच्या दुकानात, फोमच्या गठ्ठ्यांमागे ठेवायचा. संध्याकाळी न्यायला आला की दोघं एकाच कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा ओतून प्यायचे. मग लिफ्टवाल्याने लिफ्ट बसवायची स्वतःची कंपनी काढली. इमारती उंच होत गेल्या आणि त्यांच्यासोबत तोही. सोफेवाल्याचं दुकान होतं तिथेच राहिलं.

साडूची भरभराट झाली की सोफेवाला तोंडभरून कौतुक करायचा आणि घरी येऊन दोन दिवस बायकोवर विनाकारण डाफरायचा. बायकोला कारण ठाऊक होतं, पण ती कधी बोलून दाखवत नसे.

बायकोचा भाऊ परदेशात राहायचा. त्याने दोन्ही बहिणींना नवऱ्यांसह तीन आठवडे राहायला बोलावलं. विमान एकच होतं, पण धाकटी जोडी बिझनेस क्लासमध्ये आणि थोरली मागे, शेपटाकडच्या रांगेत.

"दादा, तुम्ही दोघं आमच्याबरोबर लाउंजमध्ये चला," विमानतळावर लिफ्टवाला म्हणाला. "आमच्या तिकिटावर एकेक पाहुणा नेता येतो."

पाहुणा हा शब्द सोफेवाल्याला खड्यासारखा टोचला. "कशाला उगाच? आम्ही बाहेर बसतो की," तो म्हणाला. पण बायको तोवर बहिणीचा हात धरून काचेच्या दारातून आतही गेली होती.

आत शिरल्या शिरल्या बाहेरचा सगळा गलबला कापून टाकल्यासारखा थांबला. जाड गालिचा, मंद दिवे, कुणाच्या चेहऱ्यावर घाई म्हणून नाही. एका बाजूला सूप, चार-पाच जातींचे पाव, चीज, कापलेली फळं, बोटाएवढे केक. कुणी पैसे मागत नव्हतं आणि कुणी हावरटासारखं खातही नव्हतं, याचाच सोफेवाल्याला जास्त राग आला. त्याने सवयीप्रमाणे आधी खुर्ची तपासली. हात खाली घालून शिवण चाचपली. कुठे तरी टाका सुटलेला असावा, अशी त्याची फार इच्छा होती. नव्हता. काम चोख होतं, अस्सल चामड्याचं, आणि असं चामडं त्याच्या दुकानात आजवर आलं नव्हतं.

"भाऊजी, हा केक घ्या ना," मेहुणी म्हणाली.

"मला नाही चालत गोड," तो म्हणाला. बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. रोज चहात तीन चमचे साखर घेणारा माणूस!

लिफ्टवाला मात्र मनापासून आग्रह करत होता. स्वतः उठून त्याच्यासाठी कॉफी घेऊन आला, उशी आणून दिली. तो जितकं करी तितका याचा जळफळाट वाढे. मिरवत एखादा तरी उद्धट शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. रागावायला निमित्त मिळालं असतं.

तासाभराने दोघी बहिणी भाचरांसाठी चॉकलेटं घ्यायला निघाल्या. "आम्ही तिकडूनच थेट गेटवर जातो," बायको म्हणाली. "तुम्ही दोघं या."

लिफ्टवाल्याने आरामखुर्ची मागे केली. "आठवडाभर धड झोप नाही, दादा. इथे पुकारत नाहीत, तो समोरचा बोर्ड बघावा लागतो. डोळा लागला तर उठवा हं मला."

"झोप तू," सोफेवाला म्हणाला.

पाच मिनिटांत तो घोरायला लागला. तोंड किंचित उघडं, बूट काढून ठेवलेले, फोन लांब भिंतीशी चार्जिंगला. सोफेवाला त्याच्याकडे बघत बसला. हत्यारं ठेवायला माझ्याकडे जागा मागायचा हा. आणि आज मी याचा पाहुणा.

बोर्डावर त्यांच्या विमानासमोर विमानात बसायला सुरुवात झाल्याची अक्षरं आली. सोफेवाल्याने ती वाचली आणि तो तसाच बसून राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अक्षरं लाल झाली. तो उठला, स्वतःची पिशवी घेतली आणि आवाज न करता गालिच्यावरून दारापर्यंत गेला.

"तुमच्याबरोबरचे साहेब?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"येताहेत मागून," तो म्हणाला.

बाहेर लांबलचक रस्ता होता आणि मधून सरकता पट्टा. तो पट्ट्यावर उभा राहिला. पट्टा त्याला आपोआप पुढे नेत होता, त्यामुळे आपण काही करतोय असं वाटत नव्हतं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात? सगळे आत चाललेत."

"निघालोय."

"आणि हे? धाकटीचे?"

"आहे ना... बरोबरच आहे."

फोन बंद झाला. आपण केवढं खोटं बोललो हे त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. पट्टा संपायची वाट न बघता तो उलटा फिरला आणि पळत सुटला. पट्टा त्याला मागे ओढत होता, समोरून येणारे बाजूला होत होते, कुणी तरी वैतागून ओरडलंही. लाउंजमध्ये शिरून त्याने साडूला गदागदा हलवलं.

"ऊठ, ऊठ! दार बंद करतील!"

लिफ्टवाल्याने चार्जिंगचा फोन ओढून घेतला आणि एका पायात बूट, दुसरा हातात असा तो पळाला. दार बंद व्हायला दोन-तीन मिनिटं उरली असताना दोघं गेटवर पोचले. सोफेवाल्याला धाप लागून बोलवत नव्हतं.

मेहुण्याच्या घरी लिफ्टवाल्याने ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगितली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सांगितली. "दादा नसते तर मी तिथेच घोरत पडलो असतो. या वयात धावले हो माझ्यासाठी!" सगळे वाहवा करायचे, आणि सोफेवाला पाणी आणायच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात जायचा. चौथ्यांदा गोष्ट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कोपऱ्यावरून पाव आणायला निघाले, तेव्हा त्याच्याने राहवेना.

"ती गोष्ट सांगू नकोस आता."

"का? खोटी आहे का?"

"अर्धी. मी बोर्ड वाचला होता. तुला तसाच टाकून निघालो होतो. सरकत्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत गेलो होतो."

लिफ्टवाला चालता चालता थांबला. "का, दादा?"

"जळतो मी तुझ्यावर. आजचं नाही, फार जुनं आहे."

दोघं दुकानापर्यंत गेले. लिफ्टवाल्याने पाव घेतला, पिशवीत ठेवला आणि दुकानाबाहेर आल्यावर म्हणाला, "मला वाटायचं, माझं बरं झालेलं बघून सगळ्यांत जास्त आनंद तुम्हालाच होतो."

सोफेवाल्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला; त्याने ती दिली नाही.

"ताईंना सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. घरात घ्यायच्या नाहीत तुम्हाला." एवढं बोलून तो पुढे निघून गेला.

त्या दिवसापासून गोष्ट बंद झाली. कुणी विषय काढलाच तर "उशीर झाला होता थोडा," एवढंच लिफ्टवाला म्हणायचा. उरलेले दिवस तो नीट वागला, पण बेताचं बोलला. परतल्यावर तर दोन महिने फोनच नाही. सोफेवाल्याने एकदा नंबर काढला आणि फोन न लावताच ठेवून दिला.

मग एका रविवारी सकाळी फोन वाजला.

"दादा, नवी गाडी घेतली. मोठी. दुसऱ्याकडून कळायच्या आत मीच सांगतो. जळा."

सोफेवाला खोक्यावरून उठून उभा राहिला. छातीत तीच ओळखीची कळ आली.

"जळतोय," तो म्हणाला.

पलीकडे लिफ्टवाला खो खो हसला. याला हसू यायला जरा वेळ लागला, पण आलं.

"रंग कुठला घेतलास?" त्याने विचारलं.