भिमाजीचे बैल आणि शेठचा भोंगा

वाकसईच्या भिमाजीला मोटारींचा भारी राग. आणि का नसावा? मुंबईचे शेठ लोणावळ्याच्या बंगल्यावर यायचे ते रस्ता जणू बापाचाच असल्यासारखे. मागून भोंगा वाजला की भिमाजीने बैलगाडी खाली घ्यायची, नाहीतर शिव्या खायच्या. पुढे पुढे तर त्याला कासराही ओढावा लागेना. भोंगा ऐकला की हरण्या आणि पाखऱ्या आपणहून रस्ता सोडून कडेच्या खाचरात उतरत.

मग लढाई आली. पेट्रोल महागलं, वर रेशनवर गेलं. उतार दिसला की शेठलोक इंजीन बंद करून मोटार नुसती घरंगळत सोडू लागले, आणि चढ आला की अडू लागले. अशीच एका शेठची मोटार वलवणपाशी कोरडी पडली. भिमाजीने हसू दाबत मोटारीला दोर बांधला, बैल जुंपले आणि निघाला. शेठ आत चाक धरून ऐटीत बसलेले, जणू मोटार तेच चालवताहेत.

तेवढ्यात एक शेळी आडवी आली. शेठनी सवयीने भोंगा दाबला.

झालं! बैल मोटारीसकट थेट भाताच्या चिखलात उतरले.

"अरे मूर्खा," शेठ आतून कडाडले, "बैलांना काही शिकवलंयस की नाही?"

भिमाजी बांधावर टेकला. चंची सोडून त्याने निवांत पान काढलं.

"म्या कुटं शिकवलं, शेठ? भोंगा वाजला की रस्ता सोडायचा, हे त्यास्नी तुमीच शिकवलंय."