कानबाईच्या गाण्याचा मालक

इकडे गुजराती मुलखात, नवागामच्या खोलीत आईने शेवटची कानबाई बसवली, तेव्हा माझ्या लेकीने मोबाइलवर तिचं गाणं घेतलं होतं. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. पुढच्याच उन्हाळ्यात आई गेली. व्हिडिओ सुरक्षित राहावा म्हणून लेकीने तो इंटरनेटवर टाकला आणि मोबाइल भरला म्हणून त्यातला काढून टाकला. शहाणपण अंगाशी येतं ते असं. यंदा श्रावणात आम्ही तो लावला, तर आई दिसते, टाळ्या वाजवते, आवाज मात्र नाही. खाली एवढंच लिहिलेलं, की एका म्युझिक कंपनीच्या तक्रारीवरून आवाज काढला आहे.

मला आधी हसूच आलं. उभ्या जन्मात आईने दुसऱ्याच्या वावरातलं वांगंसुद्धा तोडलं नाही, आणि मेल्यावर बाई चोर ठरली.

लेक वकिली शिकते. गुजराती, हिंदी, मराठीची खिचडी करून तिने मला समजावलं. लोकगीत कुणा एकाचं नसतं, पण कंपनीने ते गाऊन-वाजवून रेकॉर्ड केलं की ते रेकॉर्डिंग कंपनीचं. चाल सारखी निघाली म्हणून कॉम्प्युटरने आजीचं गाणंही कंपनीच्याच नावावर लावलं. परंपरा कुणाची आणि ती विकायचा हक्क कुणाचा, यावर कोर्टांतही वाद चालतात म्हणे. आपणही हरकत घेऊ, गाणं आपलं आहे म्हणून सांगू, असं तिचं म्हणणं.

आपलं? कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, आमच्यात फक्त घरच्या भाऊबंदांनी खायचे असतात. सासरी दिलेल्या मुलीला त्यातला तुकडाही मिळत नाही. जिला माहेरच्या देवीचा घास चालत नाही, तिने गाण्यावर कसला हक्क सांगायचा? दर वर्षी ते रोट बघून माझा जळफळाट व्हायचा. आई माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा मात्र वेगळा झाकून ठेवायची.

काही पुरावा मिळतो का बघायला लेकीने व्हिडिओ पुन्हा लावला.

लग्नाआधी मी आईबरोबर लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायला जायचे. तिथल्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. ते मी विसरले असेन असं वाटलं होतं. पण आईच्या ओठांवर मला कडव्यामागून कडवं कळत गेलं. मग मध्येच ती थांबली. बाकीच्या बायका गातच होत्या. आईने दाराकडे मान वळवली. दारात मी होते, भेस्तानहून कामावरून थेट आलेली. व्हिडिओत माझ्या साडीचा नुसता काठ दिसतो. आई माझ्याशी काहीतरी बोलली आणि पुन्हा गाऊ लागली.

आजी काय म्हणाली, लेकीने विचारलं.

"जेवनी का वं बाई?"

तेव्हा मी नुसती मान हलवली असणार. मला आठवतसुद्धा नाही. आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलेलं नाही. तिच्याच आवाजात एकदा ऐकायचं आहे मला, बस. आणि गाण्याबरोबर त्यांनी तेही नेलं.

लेक हरकत लिहायला बसली. कारण काय लिहू, म्हणाली.

"गाणं ठेवा म्हणावं तुम्हालाच," मी म्हणाले. "मधलं तेवढं परत द्या."