आत्याचे गुडघे आणि पायांचा रस्सा

आमच्या मोठ्या आत्याने उभ्या आयुष्यात डॉक्टर, शेजारी, नवरा आणि जाहिरात यांपैकी एकाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही. कामरगावच्या दुकानात नवा साबण आला की ती एक हात नव्या साबणाने धुवायची, दुसरा जुन्याने, आणि दोन्ही हात गल्लीभर हुंगायला द्यायची. सुनेने चपला आणल्या तेव्हा एका पायात नवी आणि दुसऱ्या पायात जुनी घालून ती आठवडाभर शेतात गेली. लोक हसले की म्हणायची, "हसा! मले समजून राह्यलं, तुमाले नाई."

सत्तरच्या दशकातल्या एका साली कापसाची वेचणी संपता संपता तिचे गुडघे धरले. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेचेही. तेवढ्यात बाजाराच्या दिवशी भोंगा लावलेली जीप आली. आतला माणूस हाडांपासून काढलेली पावडर विकत होता. दुधातून घ्या, म्हाताऱ्या घोड्यासारख्या पळतील! जाऊ पायातल्या चांदीच्या तोरड्या मोडायला निघाली. आत्याने तिचा पदर धरला.

"थांब व! हाडंच उकळाची हायेत, त आपल्या चुलीवर उकळू. एकीनं बकऱ्याच्या पायांचा रस्सा प्यायचा, एकीनं तुरीच्या डाळीचं पाणी. पेरणीपर्यंत पाहू, कोनाचे गुडघे सुधरतात."

मुठीत खडा लपवून फैसला झाला. रस्सा जावेला गेला. आत्याला तो जिवापेक्षा प्रिय, तरी तिने तक्रार केली नाही. मात्र जाऊ खरंच रस्सा पिते का, हे बघायला ती रोज संध्याकाळी लंगडत तिच्याकडे जायची. आणि आत्या चोरून पीत नाही ना, हे बघायला जाऊ रोज सकाळी लंगडत हिच्याकडे यायची.

पेरणीच्या तोंडावर भर बाजारात दोघी उकिडव्या बसल्या. गाव जमलं. आणि हात न टेकवता दोघीही ताडकन उठल्या! जाऊ तर आनंदाने रडायलाच लागली.

"म्हंजे रस्सा बेकार का, बाई?" डोळे पुसत तिने विचारलं.

"बेकार काहून? चवीले झकास हाय. पन गुडघे त माहेबी सुधरले. रोजच्या येन्याजान्यानंच केलं असन."

त्या दिवशी जीपही पुन्हा आली होती. आत्या तिकडे वळली. "भाऊ, हे कोनावर करून पाह्यलं?"

"लाखो लोकांवर, मावशी!"

"एकाचं नाव सांग." तो डब्यावरचं लेबल दाखवू लागला. "बरं, माह्या दिराले मुतखडा हाय. त्याले चालन?"

"बिनधास्त!"

"आत काय काय हाय?"

"ते कंपनीचं गुपित आहे."

"मंग तू खाऊन दाखव."

त्याने डब्याकडे पाहिलं, जमलेल्या गावाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. जीप धनजच्या रस्त्याला लागेपर्यंत बाजार टाळ्या वाजवत होता. आत्या सरपंच निवडून आल्यासारखी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिच्या ओट्यावर कुणी आलं नाही. परीक्षा संपली होती. आत्याने चहा दोनदा गरम केला. उन्हं वर आल्यावर जाऊ आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, आपन उलटून पाहू का? डाळ मी पितो, रस्सा तुमी प्या. त्याबिगर खरं कसं समजन?"

"हे मले काहून नाई सुचलं!" म्हणत आत्याने सरकून जागा केली.

ती परीक्षा कित्येक वर्षं चालली, पाळ्या बदलत. निकाल कुणी विचारला नाही, त्यांनीही लावला नाही. आत्या गेल्यानंतर मी त्या जावेकडे जेवायला गेलो होतो. चुलीवर रस्सा उकळत होता, पण तिने वाढला फक्त मला.

"तुही आत्या गेली तवा माही डाळीची पाळी होती," ती म्हणाली. "थेच चालू हाय."