दाक्षायणीबाई उत्तर देत नाहीत

अक्कलकोट रोड एमआयडीसीत दाक्षायणीबाईंविषयी काय बोलत नाहीत ते विचारा. चादरींच्या कारखान्यात त्या संगणक सांभाळतात, पण एक उत्तर सरळ देतील तर शपथ. काही विचारा, डिझाइनच्या प्रोग्रामसोबत आलेलं माहितीपुस्तक संगणकावर उघडून देणार, की झालं. लोक म्हणतात, बाई शिष्ट. तसं काही नाही. बाईंना खोड आहे चौकशीची. शेजारणीकडे पाहुणे कोण आले हे जसं कळलंच पाहिजे, तसं कुठल्या प्रोग्रामच्या पोटात काय दडलंय तेही.

परवा डिझाइनमास्तर महादेवप्पा आले. तेही जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नाही बघून. तीस वर्षं ग्राफपेपरवर मोर काढलेला माणूस, आणि संगणकावर दोन्ही काठांचे मोर भांडल्यासारखे एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मालकांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत नमुना जमला नाही तर उद्यापासून डिझाइनला दुसरा माणूस.

"अक्का, मोर फिरवायचं बटण कुटं हाय? भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ दिलाय, त्यात हाय. माझ्यात न्हाय. नजर गेली की काय माझी?"

"व्हिडिओ कधीचा?"

"असंल औंदाचा. त्याचं काय?"

बाईंचे डोळे चमकले. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. "आपला प्रोग्राम चार वर्षांमागचा हाय, मामा. दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आपल्या मांडवात नवरी शोधताय की तुमी. आपल्या प्रोग्रामची माहिती आपल्या पुस्तकातच असती. ह्या फोल्डरात."

"इंग्रजी हाय की सगळं."

"चित्रं हायत. काठाचं चित्र शोधा."

महादेवप्पा एकेक पान सरकवू लागले. बाई मागं उभ्या, हाताची घडी घातलेल्या. काठाचं पान त्यांनीही अजून पाहिलं नव्हतं, त्यामुळे मान पुढं काढून. एकेचाळिसाव्या पानावर समोरासमोर तोंड केलेले दोन काठ दिसले. खालची अक्षरं महादेवप्पांनी सुताचे रंग जुळवावेत तशी प्रोग्रामच्या बटणांवरच्या अक्षरांशी जुळवली. क्लिक केलं, आणि मोर वळले.

चार वाजता नमुना मागावरून उतरला. मालकांनी काठावरून बोट फिरवलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. आत पुस्तक हाय."

"मग गुलाबाचा काठ दुहेरी होतो का त्यात?"

"बघून उद्या सांगतो," महादेवप्पा म्हणाले. मालकांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

दाक्षायणीबाईंनी मात्र तेवढ्यात गुलाबाचं पान शोधायला घेतलं होतं. महादेवप्पा धावतच आले. "थांबा की अक्का, मला बघू द्या आदी."