मास्तरांचं दाखवायचं उत्पन्न

माझे भावजी शिंपी. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो. कोर्टासमोरच्या गल्लीत त्यांचं दुकान; निम्मे वकील त्यांनीच शिवलेला काळा कोट घालून हिंडतात. माणूस इतका भिडस्त की गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तरी ओशाळणार हेच. माझी बहीण गेली तेव्हाही दुकानाच्या मागं जाऊन रडले, कारण पुढं गिऱ्हाईक उभं होतं. मला राग यायचा तो याचाच.

मुलगी मात्र आईवर गेलेली, एकाला दहा ऐकवणारी. "मावशी, मी वकील होणार," म्हणाली तेव्हा मी हसले. "तुझ्यापुढं आम्ही आधीच हात टेकलेत, डिग्री कशाला आणखी?" पण पोरीला कायद्याच्या कॉलेजात खरंच प्रवेश मिळाला.

फी ऐकून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी ठरलं की निम्म्या फीसाठी बँकेचं कर्ज काढायचं. उरलेली निम्मी कॉलेज गरिबांच्या मुलांना माफ करतं, पण दुसऱ्या वर्षापासून. पहिलं वर्ष एक शिलाई मशीन विकून निभावलं.

बँकेत साहेबांनी कमाई विचारली. आता शिंपी कापड बेतताना शिवणीत थोडं जास्त सोडतो, माया म्हणतात त्याला. पुढंमागं उसवून सैल करता येतं. मास्तरांनी जन्मभर तेच केलेलं, इथंही तेच केलं. कमाई तिप्पट सांगितली. एका वकील गिऱ्हाइकानं तसं शपथपत्रही करून दिलं. "कमी सांगून कर्ज कोण देणार होतं?" मला म्हणाले. जन्मात एकदा खोटं बोलले, तेही शपथेवर!

दुसऱ्या वर्षी फीमाफीच्या अर्जात त्यांनी खरी कमाई लिहिली. कॉलेजनं बँकेकडून कागद मागवले आणि मुलीला बोलावणं आलं. मी तिच्याबरोबर आत गेले. मास्तर बाहेर बाकावर बसले.

टेबलामागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "दोन्ही खरं असू शकत नाही. अर्जातलं खरं असेल तर फी आत्ता माफ करते. पण मग बँकेला कळवणं मला भाग आहे."

खोट्या शपथपत्राला शिक्षा काय, हे पोरगी त्याच वर्षी शिकली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता ही भांडेल, काहीतरी वाट काढेल. आजवर ती कुणापुढं गप्प बसली नव्हती.

"बँकेतलं खरं," ती म्हणाली.

"म्हणजे माफीची गरज नाही?"

"नाही. अर्ज मागं घेते."

उरलेली फी आणायची कुठून? कॉलेज तिथंच सुटलं. कर्ज तेवढं मानेवर राहिलं. त्या बाईंचा राग यावा तर त्यांचंही चुकलं नव्हतं. मास्तरांचा यावा तर तोही येईना.

बाहेर तिचा चेहरा बघूनच मास्तर उमजले. चटकन उठून दाराकडे निघाले. "मी सांगतो त्यांना, माझी चूक झाली म्हणून. पाया पडतो हवं तर."

पोरीनं त्यांचा दंड धरून त्यांना परत बाकावर बसवलं.

"आत काही बोलू नका, बाबा," ती म्हणाली. "आणि यापुढं कुणाला सांगू नका, आपण गरीब आहोत म्हणून."